विमा, शिफारस आणि दलाली

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील एखादा शेतमजूर छातीत दुखते म्हणून जवळच्या गावातील डॉक्टरकडे जातो. डॉक्टर त्याला तपासतात, चिठ्ठी देतात आणि नाशिकच्या अमुक एका रुग्णालयात जावयास सांगतात. शेतमजूर त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवतो, कारण डॉक्टरांना आपल्यापेक्षा अधिक कळते हे त्याला ठाऊक असते. नाशिकला त्याला दाखल करून घेतले जाते, शासनाच्या आरोग्य योजनेतून अथवा एखाद्या विमा कंपनीकडून बिल चुकते होते, आणि काही दिवसांनी चिठ्ठी देणाऱ्याकडे एक पाकीट पोचते. रुग्णाला या पाकिटाची वार्ता नसते. विमा कंपनीच्या दप्तरात त्याची नोंद नसते आणि शासनाच्या हिशेबातही ते कोठे दिसत नाही. तरीही त्या पाकिटातील पैसे कोणाच्या तरी खिशातून आलेले असतात. ते कोणाच्या खिशातून येतात, आणि आपला कायदा त्याविषयी काय म्हणतो व कोठे गप्प बसतो, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा आरोप सरसकट सर्व डॉक्टरांवर नाही. या व्यवहाराविरुद्ध महाराष्ट्रात ज्यांनी आवाज उठविला त्यांत डॉक्टरच आघाडीवर होते. विंचूदंशावरील संशोधनामुळे ज्यांचे नाव जगभर झाले त्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी एक रुग्ण तेथे तपासणीसाठी पाठविला होता, एवढेच त्याचे कारण. त्यांनी तो पैसा स्वीकारला नाही, उलट महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. पुढे २०१६ मध्ये डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखतींवर आधारलेले पुस्तक प्रसिद्ध केले. व्यवसायाच्या आत काय चालते हे त्यात डॉक्टरांनीच सांगितले आहे. तेव्हा हा लढा डॉक्टरांविरुद्धचा नाही. प्रामाणिक डॉक्टरला ज्या व्यवस्थेत टिकून राहणे कठीण होते, त्या व्यवस्थेविरुद्धचा तो आहे.

विम्याचा दावा आणि त्यामागची शिफारस यांचा संबंध तीन व्यवसायांत येतो: विमा एजंट, वकील आणि डॉक्टर. या तिघांना कायदा तीन वेगवेगळ्या मापांनी मोजतो. ती मापे एकेक करून पाहिली म्हणजे त्यांतील विसंगती आपोआप समोर येते.

हप्त्यातील सूट आणि समता

१९३८ च्या विमा कायद्यातील कलम ४१ असे सांगते की, कोणालाही विमा उतरविण्यास प्रवृत्त करण्यासाठी कमिशनाचा पूर्ण वा आंशिक वाटा अथवा हप्त्यातील सूट देऊ नये, आणि विमा घेणाऱ्यानेही ती स्वीकारू नये. कंपनीच्या छापील पत्रकात नमूद असलेली सवलत तेवढी याला अपवाद आहे. सामान्य माणसाला हे कलम चमत्कारिक वाटते. एजंट आपल्या मिळकतीतून गिऱ्हाइकाला चार पैसे परत देत असेल, तर त्यात गिऱ्हाइकाचे नुकसान कोणते?

या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्राच्या दृष्टीने मोठे उद्बोधक आहे. आयुर्विम्यात पहिल्या वर्षाचे कमिशन दीर्घकाळ हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत देता येत असे. १०,००० रुपयांच्या हप्त्यावर एजंटाला ३,५०० रुपये मिळत असतील, तर त्यातील २,००० तो परत देऊ शकतो. पण देतो कोणाला? लाखांची पॉलिसी घेणाऱ्या व्यापाऱ्याला, बागाईतदाराला, कारखान्याच्या व्यवस्थापकाला. सातपूरच्या कारखान्यातील कामगाराला किंवा शाळेतील शिपायाला कोणी सूट देत नाही. त्याची पॉलिसी छोटी आणि घासाघीस करण्याचे त्याचे सामर्थ्यही छोटे. कमिशनाचा खर्च मात्र सर्वांच्या हप्त्यात धरलेला असतो. म्हणजे थोराला मिळणारी सूट लहान माणूस भरत असतो. शिवाय सुटीच्या लोभाने घेतलेली पॉलिसी दुसऱ्या वर्षी सोडून दिली जाते आणि तिचा भार पुन्हा उरलेल्यांवर पडतो. सारख्या जोखमीला सारखा दर, हे विम्यातील समतेचे तत्त्व आहे आणि कलम ४१ त्या तत्त्वाचे रक्षण करते.

१९ जानेवारी १९५६ रोजी चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला आणि २४५ संस्थांचा कारभार एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमाही सार्वजनिक मालकीत आला. विमेदारांचा पैसा स्वतःच्या उद्योगांत फिरविणाऱ्या मालकांची लूट त्यामुळे थांबली, हे त्या निर्णयांचे मोठे श्रेय आहे. परंतु समाजवाद्यांनी एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. मालकी बदलली तरी पहिल्या वर्षाच्या भरघोस कमिशनाची पद्धत तशीच राहिली, आणि म्हणून “पहिला हप्ता माझ्याकडून” असे सांगणारा एजंटही राहिला. मालकी बदलणे आवश्यक असते, पण मोबदल्याची रीत बदलल्यावाचून माणसाचे वागणे बदलत नाही.

१९९९ मध्ये खाजगी भांडवलाला पुन्हा दार उघडले गेले. परकीय भागभांडवलाची मर्यादा २६ टक्क्यांवरून २०१५ मध्ये ४९ आणि २०२१ मध्ये ७४ टक्क्यांवर नेण्यात आली. २०२३ मध्ये तर विमा नियामक प्राधिकरणाने प्रत्येक पॉलिसीवरील कमिशनाची स्वतंत्र कमाल मर्यादाच काढून टाकली आणि कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चाला तेवढी मर्यादा ठेवली. एका बाबतीत मात्र कायदा कठोर झाला. कलम ४१ च्या भंगासाठी पूर्वी ५०० रुपयांपर्यंत दंड होता, तो २०१५ च्या दुरुस्तीने १० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आला. म्हणजे हप्त्यात सूट देणारा एजंट आज कागदावर १० लाखांच्या दंडाला पात्र आहे.

अपघाताचा दावा आणि वकिलाचा दलाल

आता दुसरा व्यवसाय. मुंबई-आग्रा महामार्ग नाशिक जिल्ह्याच्या मधून जातो आणि त्यावरील अपघातांत दरवर्षी माणसे मरतात, अपंग होतात. त्यांचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे येतात. विमा कंपनीकडून मिळणारी भरपाई हा त्या कुटुंबाचा अनेकदा एकमेव आधार असतो. अशा वेळी रुग्णालयाच्या दारात वा पोलीस ठाण्याच्या आवारात जो माणूस “वकील पाहून देतो” म्हणून भेटतो, त्याला कायद्याच्या भाषेत दलाल म्हणतात.

वकिलाने भरपाईतील हिस्सा फी म्हणून ठरवू नये, हा आपल्याकडील जुना दंडक आहे. मुंबईतील एका ज्येष्ठ वकिलाने वसुलीतील निम्मा वाटा घेण्याचा करार केला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५४ मध्ये त्या न्यायालयाने हे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. बार कौन्सिलच्या नियमांतही हाच निर्बंध आहे. दलालांविषयीची तरतूद १८७९ च्या कायद्यात होती. तो कायदा रद्द करून २०२३ च्या दुरुस्तीने अधिवक्ता अधिनियमात कलम ४५-अ घालण्यात आले. त्यानुसार उच्च न्यायालय व जिल्हा न्यायाधीश दलालांची यादी जाहीर करू शकतात. यादीत नाव असताना दलाली करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दलालीचे पर्यवसान कोठे होते, हे उत्तर प्रदेशात दिसले. तेथे बनावट अपघात दाव्यांच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमावे लागले आणि २०२१ मध्ये २८ वकिलांची सनद निलंबित झाली.

शिक्षा तुटपुंजी आहे, अंमलबजावणी त्याहून तुटपुंजी आहे. तरीही वकिलाच्या दलालाला कायद्याने गुन्हेगार मानले आहे, एवढे निश्चित.

रुग्णाची शिफारस: कायद्यातील पोकळी

तिसरा व्यवसाय डॉक्टरांचा. येथे या व्यवहाराला “कट” म्हणतात. शब्द इंग्रजीतला असला तरी मराठीतला त्याचा अर्थही येथे गैरलागू नाही.

भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतील कलम ६.४ या बाबतीत निःसंदिग्ध आहे. रुग्ण पाठविल्याबद्दल, त्याची शिफारस केल्याबद्दल वा त्याला मिळवून दिल्याबद्दल डॉक्टराने भेट, कमिशन किंवा बक्षिसी देऊ नये, मागू नये, घेऊ नये. फीची विभागणी वा परतावा यांत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष सहभागी होऊ नये. आणि हाच नियम रक्त, लघवी आदी नमुने तपासणीस पाठविण्यासही लागू आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम काढले, पण डॉक्टरांच्या विरोधानंतर त्याच महिन्यात ते स्थगित केले. २००२ चीच संहिता पुढे चालू राहिली.

नियम चांगला असूनही तो अपुरा पडतो, याची कारणे दोन. एक तर तो आचारसंहितेचा नियम आहे. फौजदारी कायदा नव्हे. फार तर नोंदवहीतून नाव काढले जाते आणि हा निर्णय त्याच व्यवसायातील परिषद करते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. परिषदेचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांपुरता चालतो. पाकीट देणारे रुग्णालय एखाद्या कंपनीच्या मालकीचे असेल, तपासणी केंद्राचा मालक डॉक्टर नसेल, रुग्ण आणून देणारा रुग्णवाहिकेचा चालक किंवा रुग्णालयाचा जनसंपर्क अधिकारी असेल, तर परिषद त्यांच्यापर्यंत पोचूच शकत नाही. घेणाऱ्या छोट्या डॉक्टरवर निदान नैतिक बंधन आहे. देणाऱ्या मोठ्या भांडवलावर तेवढेही नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा मुख्यतः लोकसेवकांसाठी आहे. त्यामुळे खाजगी दवाखान्यातून खाजगी रुग्णालयात रुग्ण पाठविण्याचा मोबदला सहसा त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२२ च्या एका निकालात या बाबतीत महत्त्वाची दिशा दाखविली. औषध कंपन्या डॉक्टरांना जे नजराणे देतात त्यांचा खर्च आयकरातून वजा मिळावा, अशी मागणी होती. आचारसंहिता डॉक्टरांना बांधते, आम्हाला नाही, असा कंपनीचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. घेणे निषिद्ध असेल तर देणेही निर्दोष ठरत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. मात्र हा निकाल आयकरापुरता आहे. त्याने कोणाला तुरुंगात पाठविता येत नाही.

पाकीट कोण भरतो?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पूर्वी रुग्ण स्वतःच्या खिशातून पैसे देत असे. त्या काळी कट हा रुग्णावरचा छुपा कर होता. आता पैसे देणारा बदलला आहे. राज्यात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ मध्ये नाशिकसह उर्वरित जिल्ह्यांत आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. आरंभी दीड लाख रुपयांचे असलेले वार्षिक संरक्षण पाच लाखांवर नेण्याचा आणि सर्व नागरिकांना योजनेत घेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. याखेरीज मध्यमवर्गातील अनेकांनी खाजगी आरोग्यविमा उतरविला आहे. म्हणजे पाकीट आता सामूहिक निधीतून भरले जाते.

एक साधे गणित मांडून पाहू. समजा, एका तपासणीचा वाजवी दर ४,००० रुपये आहे आणि शिफारस करणाऱ्यास १,५०० द्यावे लागतात म्हणून केंद्र ५,५०० रुपये आकारते. शंभर विमेदारांत वर्षाला अशा २० तपासण्या झाल्या, तर जादा खर्च ३०,००० रुपये होतो, म्हणजे माणशी ३०० रुपये. पण खरे नुकसान याच्या पुढे आहे. दीड हजारांच्या आशेने आणखी १० अनावश्यक तपासण्या लिहून दिल्या गेल्या, तर ५५,००० रुपये गेले, म्हणजे माणशी आणखी ५५० रुपये. कटाची रक्कम लहान दिसते, परंतु तिच्या लोभाने होणारा अपव्यय कितीतरी मोठा असतो. आणि हा अपव्यय पुढच्या वर्षीच्या हप्त्यात सर्वांना भरावा लागतो. ज्यांनी वर्षभर एकही गोळी घेतली नाही त्यांनाही.

शासकीय योजनेत याचे स्वरूप निराळे होते. तेथे प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला असतो. रुग्णालयाला तो वाढविता येत नाही. समजा ५०,००० रुपयांच्या शस्त्रक्रियेत १०,००० शिफारशीपोटी गेले. उरलेल्या ४०,००० मध्ये रुग्णालयाला भागवायचे आणि नफाही काढायचा. मग साहित्य हलके वापरले जाते, रुग्णाला दोन दिवस आधी घरी पाठविले जाते, किंवा योजना बिनपैशाची असूनही नातेवाइकांकडे “वरचे” पैसे मागितले जातात. खाजगी विम्यात कटाचा भार हप्त्यावर पडतो. शासकीय योजनेत तो थेट रुग्णाच्या शरीरावर पडतो. सुरगाण्याच्या त्या शेतमजुराला पाकीट दिसले नाही, तरी त्याची किंमत त्याने मोजलेली असते.

नगावर दिलेला मोबदला माणसाला काय करावयास लावतो, याचे एक उदाहरण शेतीतही घडले. २०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रात शेतकऱ्याला एक रुपयात पीकविमा मिळू लागला आणि अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्राला विमा कंपनीकडून प्रत्येक अर्जामागे ४० रुपये मिळत. हा मोबदला पूर्णपणे कायदेशीर होता. परंतु अर्ज खरा असो वा खोटा, ४० रुपये सारखेच. २०२५ च्या आरंभी तत्कालीन कृषिमंत्री, सिन्नरचे माणिकराव कोकाटे यांनी चार लाखांहून अधिक अर्ज बनावट आढळल्याचे सांगितले आणि त्या वर्षीच्या खरिपापासून एक रुपयाची सवलत बंद झाली. केवळ या ४० रुपयांमुळे सर्व घडले असे कोणी म्हणणार नाही. पण दलालीचा पैसा वर गेला आणि योजना मोडल्याचा फटका कांद्याच्या व सोयाबीनच्या शेतात राबणाऱ्या खऱ्या शेतकऱ्याला बसला, हे विसरता येत नाही.

अडगळीत पडलेला मसुदा

महाराष्ट्राने या प्रश्नावर एकदा पाऊल उचलले होते. २०१७ मध्ये राज्य शासनाने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि आरोग्यसेवेतील कट प्रतिबंधक कायद्याचा मसुदा तयार करविला. वैद्यकीय शिक्षण खाते तेव्हा गिरीश महाजन यांच्याकडे होते आणि तेच नाशिकचे पालकमंत्रीही होते. मसुद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड सुचविला होता. हरकती आल्या, चर्चा झाल्या, विधिमंडळाच्या निवडणुका होऊन गेल्या. त्या मसुद्याचा कायदा मात्र झाला नाही. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदाही महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालील नियमांत २०२१ मध्ये सुधारणा होऊन दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक झाले, ते स्वागतार्ह आहे. परंतु भिंतीवरच्या दरपत्रकात पाकिटाचा दर लिहिलेला नसतो.

डॉक्टरांनी घेतलेल्या हरकतींपैकी एक विचारात घेण्याजोगी आहे. अशा कायद्याचा उपयोग खंडणीसाठी होईल, खोट्या तक्रारींनी छोट्या डॉक्टरांचा छळ होईल, अशी त्यांना भीती वाटते. पोलीस यंत्रणेचा अनुभव पाहता ही भीती निराधार म्हणता येत नाही. तिला उत्तर कायदा टाळण्यात नाही, तो नीट रचण्यात आहे.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव तपासण्याजोगा आहे, कारण खाजगी विम्यावर आरोग्यसेवा उभारण्याचे सर्व दुष्परिणाम त्या देशाने आधी भोगले. शासकीय निधीतून ज्यांचे उपचार होतात अशा रुग्णांच्या शिफारशीसाठी पैसा देणे व घेणे हा तेथे १९७२ पासून गुन्हा आहे. १९७७ मध्ये त्याची शिक्षा वाढविण्यात आली. कॅलिफोर्निया राज्याच्या विमा संहितेतील कलम ७५० तर विम्याच्या दाव्यांचे काम करणाऱ्या कोणालाही लागू होते. रुग्ण, अशील वा प्रकरण मिळवून देण्याबद्दल सूट, कमिशन वा अन्य मोबदला देणारा आणि घेणारा दोघेही त्यात दोषी ठरतात. २०१० मध्ये आणखी एक तत्त्व मान्य झाले: शिफारशीच्या लाचेतून उत्पन्न झालेला शासकीय निधीवरील दावा हा मुळातच खोटा दावा समजावा. एवढे कायदे असूनही अमेरिकेतील आरोग्यसेवा जगात सर्वांत महागडी आहे, हेही सांगितले पाहिजे. कायद्याने दलाली आटोक्यात येते. नफ्यासाठी चालणारी आरोग्यव्यवस्था त्याने लोकांची होत नाही.

तरीही ते २०१० चे तत्त्व आपल्या मागणीच्या केंद्रस्थानी असावे. महाराष्ट्राच्या कायद्यात चार गोष्टी हव्यात. पहिली, रुग्ण मिळविण्यासाठी पैसा दिला असे सिद्ध झाल्यास त्या उपचाराचा दावा रुग्णालयाला मिळू नये, मिळाला असल्यास तो व्याजासह वसूल व्हावा. मात्र रुग्णाच्या संरक्षणाला त्यामुळे रुपयाचाही धक्का लागू नये आणि त्याच्याकडून काही वसूल करता येऊ नये. दुसरी, देणारी संस्था आणि तिचे संचालक यांची जबाबदारी घेणाऱ्या डॉक्टरपेक्षा अधिक असावी. तिसरी, जो डॉक्टर वा कर्मचारी स्वतः पुढे येऊन असा व्यवहार उघड करील त्याला संरक्षण मिळावे. महाडच्या डॉक्टरांनी जे एकट्याच्या धैर्यावर केले ते सामान्य माणसालाही करता आले पाहिजे. चौथी, प्रत्यक्ष केलेल्या सेवेची पावतीवर घेतलेली फी आणि केवळ रुग्ण पाठविल्याबद्दलचे पैसे यांतील भेद कायद्याच्या शब्दांतच स्पष्ट असावा. शस्त्रक्रियेत सहाय्य करणाऱ्या किंवा नंतरची शुश्रूषा पाहणाऱ्या डॉक्टरला मेहनतान्याचा हक्क आहे, आणि ती फी उजळमाथ्याने बिलावर दाखविता येते. जे बिलावर दाखविता येत नाही त्याचीच झडती घ्यावयाची आहे.

आणि हे सर्व करीत असता सार्वजनिक रुग्णालयाचा आग्रह क्षणभरही सोडता कामा नये. जिल्हा रुग्णालयात, ग्रामीण रुग्णालयात, सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात खाट, तज्ज्ञ आणि यंत्र उपलब्ध असते तर शिफारशीचा बाजार एवढा भरलाच नसता. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकात आहे. वैद्यकीय शिक्षणावर देखरेख करणारी संस्था ज्या शहरात आहे, तेथून या विषयावर सर्वांत प्रखर चर्चा झाली पाहिजे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

कार्यकर्त्याचे दायित्व

शेवटचा मुद्दा अप्रिय आहे, परंतु तो टाळला तर आतापर्यंतचे विवेचन पोकळ ठरेल. रुग्णाला रुग्णालयात नेणारा केवळ डॉक्टर नसतो. वाडीवस्तीवरचा माणूस आजारी पडला की तो कार्यकर्त्याला हाक मारतो. कार्यकर्ता रात्री-अपरात्री धावतो, शिधापत्रिका शोधतो, आरोग्यमित्राशी बोलतो, बिल कमी करून घेतो. ही सेवा खरी आहे आणि तिच्यामुळेच लोकांचा पक्षावर विश्वास बसतो. पण याच विश्वासाला बाजारात किंमत आहे, हे रुग्णालयांनी ओळखले आहे. आज कोणी पाकीट देणार नाही. उद्या ते शिबिरासाठी मंडप देतील, परवा वाढदिवसाच्या फलकाचा खर्च उचलतील, कधी कार्यकर्त्याच्या नावाने एखादी रुग्णवाहिका उभी करतील. त्यानंतर जेव्हा वस्तीवरून हाक येईल, तेव्हा ती रुग्णवाहिका कोणत्या दाराशी थांबेल, हे वेगळे सांगावयास नको. आणि हे उमगण्यास लोकांना फार दिवस लागत नाहीत.

म्हणून काही पथ्ये लेखी ठरवून घ्यावीत. पक्षाच्या रुग्णसाहाय्य केंद्राने किंवा कार्यकर्त्याने कोणत्याही रुग्णालयाकडून, तपासणी केंद्राकडून अथवा औषध दुकानाकडून देणगी, वस्तू वा सोय स्वीकारू नये. रुग्णास कोठे पाठविले आणि का पाठविले याची वही ठेवावी आणि ती मागेल त्याला दाखवावी. सरकारी रुग्णालय शक्य असेल तेथे आधी त्याचा रस्ता धरावा. तेथील गैरसोय हे खाजगी दाराकडे वळण्याचे कारण न मानता आंदोलनाचा विषय मानावे. योजनेतील रुग्णाकडे “वरचे” पैसे मागितले गेले तर पावतीचा आग्रह धरावा आणि तक्रार लेखी द्यावी. अपघातग्रस्त कुटुंबाला वकील सुचविताना त्या वकिलाकडून काही घेऊ नये, आणि भरपाईतील हिस्सा ठरविणाऱ्यापासून कुटुंबाला सावध करावे. एवढे केल्याशिवाय विधिमंडळासमोर कायद्याची मागणी करण्याचा नैतिक अधिकार मिळत नाही.

मार्च १९४८ मध्ये याच नाशिकात समाजवाद्यांचे अधिवेशन भरले आणि काँग्रेसबाहेर पडून स्वतंत्र पक्ष म्हणून उभे राहण्याचा निर्णय झाला. त्या अधिवेशनापुढे सरचिटणीस म्हणून जयप्रकाश नारायण यांनी जो अहवाल ठेवला, त्यात राजकारणातील नैतिक मूल्यांवर आणि साधनांच्या शुद्धतेवर भर होता. साधनशुचिता हा शब्द नंतर समाजवाद्यांच्या भाषणांत इतका वापरला गेला की काहींना तो घासलेल्या नाण्यासारखा वाटू लागला. पण ज्याचे बिल दुसरा कोणी भरतो, ज्याला औषधाचे नाव वाचता येत नाही आणि जो केवळ सांगणाऱ्याच्या शब्दावर एस.टी. पकडून नाशिकला येतो, त्या माणसाच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ अगदी साधा आहे. त्याला जेथे पाठवावयाचे ते त्याच्या आजाराकडे पाहून ठरावे, आणि पाठविणाऱ्याला त्यातून काहीही मिळू नये.